पद्मिनीचा फुटलेला पाइप आणि वालचंद हिराचंद

जानेवारीतल्या एका पहाटे मी माझी जुनी प्रीमिअर पद्मिनी घेऊन नाशिकहून रावळगावला निघालो होतो. ओझर आणि पिंपळगाव मागे पडलं, चांदवडही ओलांडलं. बाहेर निफाडकडची कडक थंडी, आत हीटर चालू. राहुड घाट लागला आणि पायांवर येणारी गरम हवा अचानक गार झाली. मला वाटलं हीटरचा पंखा बंद पडला, पण पंखा तर फिरत होता. दोन मिनिटांत तापमानाचा काटा वर सरकायला लागला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर वाफच वाफ. इंजिनच्या हेडकडून हीटरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपजवळ उभा चिरला होता.

इंजिन गार होईपर्यंत पाऊण तास बसून राहण्याशिवाय काही करता येत नाही. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. वाटेत ओझरला एचएएलचा विमान कारखाना लागला होता. जायचं होतं ते रावळगाव, जिथला साखर कारखाना आणि गोळ्या अख्ख्या महाराष्ट्राला माहीत. आणि बसलो होतो प्रीमिअरच्या गाडीत. या तिन्ही नावांच्या मुळाशी एकच माणूस आहे, वालचंद हिराचंद. ओझरचा कारखाना त्यांच्या पश्चात उभा राहिला, पण त्या कंपनीची सुरुवात त्यांचीच.

म्हणून आज दोन गोष्टी सांगतो. हीटरचं पाणी कसं फिरतं आणि त्याचे पाइप कसे बदलायचे, ही एक. आणि ज्या माणसामुळे ही गाडी आपल्याकडे बनली, त्याची गोष्ट. मला तरी या दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. का, ते शेवटी कळेल.

आधी पाण्याची फेरी समजून घेऊ

इंजिनात पेट्रोल जळतं, त्यातली थोडीच उष्णता चाकं फिरवायच्या कामी येते. बाकीची सायलेन्सरमधून आणि पाण्यातून बाहेर काढावी लागते. पट्ट्यावर फिरणारा पंप, ज्याला आपले मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात, पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो. ते सिलिंडरांभोवती फिरून वर हेडमध्ये येतं. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि पाणी तापलं की उघडतो.

हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला एक छोटा रेडिएटरच. हेडच्या गरम बाजूने एक पाइप हीटरकडे जातो आणि दुसरा पाइप ते पाणी पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाकडे परत आणतो. एका टोकाला दाब जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, म्हणून पाणी फिरतं. दोन्ही टोकं सारख्या दाबाच्या जागी जोडली, तर हीटर कितीही चांगला असो, गरम हवा येणार नाही. ही फेरी थर्मोस्टॅटवर अवलंबून नसते, त्यामुळे रेडिएटरच्या आधी हीटर गरम होतो.

काही गाड्यांत याच गरम पाण्याचा एक फाटा इनटेक मॅनिफोल्डला दिलेला असतो. कारण सोपं आहे. हातावर सॅनिटायझर घेतलं की हात गार पडतो ना, तसंच कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचली जाते. मॅनिफोल्ड फार गार झाला की पेट्रोल थेंब होऊन त्याच्या भिंतींना चिकटतं. मग इंजिन अडखळतं आणि पेट्रोल जास्त पितं. यावर उपाय म्हणून काही इंजिनांत मॅनिफोल्ड एक्झॉस्टच्या उष्णतेने गरम ठेवतात, तर काहींत त्यातून गरम पाणी फिरवतात. तुमच्या गाडीत पाण्याचा फाटा असेल तर एक बघा: मॅनिफोल्ड आणि हीटर एकामागोमाग एकाच पाइपवर जोडले असतील, तर हीटरचा नळ बंद केल्यावर मॅनिफोल्डचं पाणीही थांबतं. दोन्हींना वेगवेगळा फाटा, किंवा हीटरच्या नळाला वळसा घालणारी वाट हवी.

आता माझ्या गाडीचं काय झालं ते कळेल. हीटरची हवा अचानक गार पडली आणि त्याच वेळी काटा वर चढला, तर समजायचं की पाणी कमी झालंय. हीटरमध्ये पाण्याऐवजी हवा शिरते, म्हणून तो आधी गार पडतो. ही खूण दिसली की पुढच्या गावाची वाट बघू नका, तिथेच थांबा.

सोलापूरचा मुलगा

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं गुजरातचं, जैन, सोलापुरात सावकारी आणि कापसाच्या व्यापारात स्थिरावलेलं. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण सोलापूरला, मग मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पदवी काही पुरी झाली नाही. घरच्या व्यापारात मन रमेना.

मग त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. फाटक रेल्वेत कारकून होते आणि कंत्राटदारीत उतरले होते. त्यांच्याकडे कामाची माहिती, वालचंदांकडे पैसा उभा करण्याची ताकद. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही भागीदारी सुरू झाली. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीतून बोरघाटातले रेल्वेचे बोगदे झाले आणि तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणाऱ्या जलवाहिनीचं काम झालं. १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. त्याच वर्षी इंडियन ह्यूम पाइप कंपनीही निघाली, म्हणजे सिमेंटचे मोठे पाइप इथेच बनवायचा कारखाना.

मला यात एक सवय दिसते. कंत्राट घेतलं की त्याला लागणारी वस्तू कुठून येते, हे हा माणूस बघायचा. ती बाहेरून येत असेल, तर इथे बनवता येईल का, हा पुढचा प्रश्न. पुढची सगळी धडपड याच प्रश्नातून आलेली आहे.

जहाज विकत घेतलं, तेवढ्याने भागलं नाही

१९१९ साली वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडचं ‘लॉयल्टी’ हे जहाज त्यांनी घेतलं आणि ते ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासामुळे.

पण गोष्ट तिथे गोड संपत नाही. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी भाडी पाडली, माल मिळू दिला नाही. ‘लॉयल्टी’ चार वर्षांतच मोडीत निघालं. सिंदियाला ब्रिटिश कंपनीशी करार करून मुख्यतः किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले. विकतच्या जहाजांवर कंपनी चालते, पण दुरुस्ती, सुटे भाग आणि नवं जहाज यांच्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, हे तोवर पुरतं कळून चुकलं होतं. जहाज इथेच बांधायचं ठरलं. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तिथे बांधलेलं ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. ‘लॉयल्टी’ निघाल्याला तोवर एकोणतीस वर्षं होत आली होती.

रावळगाव आणि ओझरची कंपनी

आपल्या नाशिक जिल्ह्याशी वालचंदांचा संबंध शेतीतून आला. मालेगाव तालुक्यात रावळगावला त्यांनी मोठी शेतजमीन घेतली आणि १९३३ साली तिथे रावळगाव शुगर फार्म ही कंपनी उभी राहिली. ऊस आपल्याच शेतात, साखर आपल्याच कारखान्यात. पुढे १९४० च्या दशकात त्याच साखरेच्या गोळ्या निघाल्या. पान पसंद आणि मँगो मूड चघळत वाढलेल्या पिढीला त्यामागचं हे नाव फारसं माहीत नसतं. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही याच पद्धतीने वाढलं.

१९३९ मध्ये अमेरिकेतून परतताना विमानात त्यांना विल्यम पॉली हा अमेरिकन भेटला. विमानांच्या धंद्यातला माणूस. त्या ओळखीतून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. पण युद्ध पेटलेलं होतं. विमानं हा सरकारच्या जिव्हाळ्याचा विषय झाला आणि १९४२ मध्ये सरकारने कंपनीचा ताबा घेतला. वालचंदांच्या हातून ती गेली. १९६४ मध्ये हीच कंपनी दुसऱ्या एका सरकारी कंपनीत मिळून हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली आणि ओझरला मिग विमानांचा कारखाना आला.

गाडीसाठी दहा वर्षं

आता आपल्या गाडीकडे येऊ. भारतात मोटारी विकल्या जात होत्या, पण त्या परदेशी कंपन्यांच्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड इथे पेट्यांतून आलेले भाग जोडून गाड्या तयार करत. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात इथल्या मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंदांनी ती अंगावर घेतली. १९३९ च्या अमेरिकावारीचं मुख्य कारण तेच. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली. पण युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या कारखान्याला हात दिला नाही. यंत्रं आणायची तर परवानगी आणि परकीय चलन हवं, आणि त्या दोन्ही किल्ल्या सरकारच्या हातात.

अखेर १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदली गेली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडायला लागल्या. खरं सांगायचं तर याही सुरुवातीला जोडलेल्याच गाड्या होत्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि छोट्या गाड्या आल्या.

तोवर शरीर थकलं होतं. १९४९ मध्ये वालचंदांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. शेवटची वर्षं पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. जिच्यापासून आपली पद्मिनी आली ती फियाट ११०० इथे बनायला लागली १९५४ मध्ये. त्यांनी ती पाहिलीच नाही.

टीकाही त्यांच्यावर झाली. एक काम पुरं व्हायच्या आत दुसरं अंगावर घेणारा माणूस, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. विमान कंपनी हातून गेली, गाडीचा कारखाना त्यांच्या डोळ्यांदेखत जोडणीच्या पुढे फारसा सरकला नाही.

जोडणं वेगळं, बनवणं वेगळं

पण त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी एक मोठा निर्णय झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवायची योजना आहे, अशाच कंपन्यांना राहू द्यावं. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमिअर राहिली. मग हळूहळू एकेक भाग इथे बनायला लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स मोठ्या कारखान्यात बनतात, पण गॅस्केट, पट्टा, क्लिप, रबरी पाइप या गोष्टी छोटे कारखानदार बनवतात. गाडी बनवायची म्हणजे अशी शेकडो दुकानं उभी करायची.

त्याच फियाटला १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तेच राहिलं. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरल्या.

आणि तरीही, राहुड घाटातल्या त्या सकाळनंतर मी नाशिकमधल्या एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तेव्हा पद्मिनीचे वरचा आणि खालचा असे दोन्ही रेडिएटर होज मला तिथेच मिळाले. साच्यात वळवलेले, देशात बनलेले. हीटरचा सरळ पाइप तर मीटरवर मापून मिळाला. बाहेरून आणून जोडलेल्या त्याच काळातल्या गाड्यांचे मालक असाच एखादा वाकडा पाइप महिनोन् महिने शोधत बसतात. टॅक्सींमुळे पद्मिनीच्या भागांना गिऱ्हाईक टिकलं, हे खरंच. पण मुळात ते भाग इथे बनत होते म्हणून टॅक्सीवाल्याला परवडत होते. वालचंद ज्यासाठी झगडले ते मला त्या काउंटरवर दिसलं. पूर्ण गाडी त्यांना बघायला मिळाली नाही, पण तिचा पाइप आज माझ्या हातात येतो.

घाटात काय केलं आणि घरी काय केलं

घाटात मी पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही, ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं.

हीटरकडे जाणारा पाइप फुटला होता, पण परतीचा धड होता. मी दोन्ही काढले आणि धड पाइप हेडच्या तोंडापासून थेट पंपाच्या परतीच्या तोंडाला जोडला. म्हणजे हीटर वगळला, फेरी पुरी केली. पाणी भरून स्वेटर चढवला आणि दुपारी रावळगाव गाठलं.

घरी आल्यावर केलेलं काम असं:

१. गाडीच्या गार पाण्यासाठीच बनवलेला, आत कापडी विणीचा ईपीडीएम रबरचा पाइप घ्या. पेट्रोलचा किंवा बागेचा पाइप इथे टिकत नाही. माप तोटीच्या बाहेरच्या व्यासावरून ठरवा. बऱ्याच गाड्यांत ते १६ मिलिमीटर असतं, पण मोजल्याशिवाय घेऊ नका.

२. पाइप ताणून बसवू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, हीटर मात्र बॉडीला पक्का. थोडी ढील हवीच, पण पाइप कुठे दुमडता कामा नये. एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

३. तोटीच्या टोकाला थोडा उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला, पाइपच्या कडेपासून थोडी मागे येऊ द्या. फार आवळली तर क्लिपच रबर कापते. माझा पाइप तसाच चिरला होता, आणि ती क्लिप मीच आवळली होती.

४. विहिरीचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी टाळा. हीटरच्या बारीक नळ्या आधी त्यानेच बंद होतात. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचं मिश्रण भरा.

५. भरताना हीटरचा नळ पूर्ण उघडा ठेवा, गाडीचं नाक चढावर करा, झाकण काढून गार इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी भरत राहा. आत हवा धरली तर हीटर गारच राहील. वरचा होज तापला आणि हीटरचे दोन्ही पाइप हाताला गरम लागले, की फेरी पुरी झाली.

शेवटचं एक. त्या पाइपला क्लिपजवळ फुगवटा आलेला मला दिवाळीतच दिसला होता. पुढच्या रविवारी बघू म्हणत मी चार-पाच रविवार घालवले. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर थंडी सुरू व्हायच्या आधी, इंजिन गार असताना, प्रत्येक पाइप क्लिपजवळ बोटांनी दाबून बघा. मऊ लागला, कडकडला किंवा भेगा दिसल्या, तर त्याच आठवड्यात बदला. भाग बाजारात मिळतोय, तोवर आळस करायला आपल्याला कारण नाही.